रेकॉर्ड फिरतेय, पण आवाज कुठेय?

आजचा एपिसोड छोटा आहे आणि माझ्या फजितीचा आहे.

आजोबांच्या एलपी माळ्यावर पडून होत्या. त्यांचा जुना प्लेअर कधीच भंगारात गेला. आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला म्हणून मी नवीन टर्नटेबल घेतलं. हॉलमधल्या अँपच्या मागे 'ऑक्स' लिहिलेल्या जागी लाल-पांढऱ्या पिना खोचल्या, आजीला समोर बसवलं, सुई टेकवली... आणि आवाज जेमतेम! शेजारच्या बिल्डिंगमध्ये कोणीतरी गातंय असा. आजी म्हणाली, "गातायत ते कळतंय रे, पण तानपुरा कुठाय?"

मी काय केलं? व्हॉल्यूम फुल्ल. मग अँप तरी ठीक आहे का बघू म्हणून ब्लूटूथवर टाकला, आणि फोनवरचं गाणं असं दणकन वाजलं की आजीच्या हातातला चहा सांडला. स्पीकर वाचले, नशीब. तर पहिला नियम: इनपुट बदलायच्या आधी व्हॉल्यूम शून्यावर. नेहमी.

नंतर तोच फोन वायरने ऑक्सला लावून बघितला. ठणठणीत. म्हणजे अँप, स्पीकर, ऑक्स सगळं ओके. बग त्याच्या अलीकडे आहे. ऑफिसात आपण हेच करतो ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आता कारण ऐका. सुईजवळच्या कार्ट्रिजमधून फार बारीक सिग्नल येतो. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून साधारण ५ मिलिव्होल्ट. ऑक्सला हवा असतो काहीशे मिलिव्होल्ट. म्हणजे जवळजवळ १०० पट फरक! हा फरक भरून काढतो तो फोनो प्रीअँप.

आणि तानपुरा? एलपी कापतानाच खर्जाचे सूर मुद्दाम कमी करतात, नाहीतर खाचा इतक्या रुंद होतील की एका बाजूला थोडंच गाणं मावेल. वरचे सूर मुद्दाम वाढवतात, म्हणजे वाजवताना ते खाली आणले की खरखरही कमी होते. हे किती कमी-जास्त करायचं याचा नियम १९५४ पासून ठरलेला आहे, त्याला आरआयएए म्हणतात. फोनो प्रीअँप ते उलटं फिरवून मूळ आवाज परत आणतो. म्हणून नुसता व्हॉल्यूम वाढवून उपयोग नाही. आवाज कमी आणि वर पातळही असेल, तर प्रीअँप मध्ये नाहीये, असं समजा.

मग करायचं काय? आधी टर्नटेबलच्या मागे 'फोनो/लाइन' असं बटण आहे का बघा. असेल तर ते 'लाइन'वर करून पिना ऑक्सला लावा. बटण नाही, पण अँपवर 'फोनो' इनपुट आहे? मग तिथे लावा, आणि टर्नटेबलची ग्राउंडची बारीक वायर अँपच्या जीएनडी स्क्रूला बांधा, नाहीतर घूंऽऽ असा आवाज येत राहील. दोन्ही नाही? मग वेगळा फोनो प्रीअँप मध्ये जोडावा लागेल. पण दोन प्रीअँप एकावर एक नकोत, आवाज फाटतो.

हे सगळं करूनही कमीच येतोय? कार्ट्रिज मूव्हिंग कॉइल जातीचं असू शकतं. त्याचा सिग्नल आणखी दहा पट बारीक, त्याला 'एमसी' सेटिंग लागतं. आणि एकाच बाजूला कमी येत असेल तर अँपजवळच्या लाल-पांढऱ्या पिनांची अदलाबदल करा. कमी आवाज दुसऱ्या स्पीकरवर गेला, तर दोष टर्नटेबल किंवा वायरकडे. जागचा हलला नाही, तर अँप किंवा स्पीकरकडे.

माझ्याकडे काय निघालं? मागे एवढंसं बटण होतं, ते 'फोनो'वर! मी हजारोंचा नवीन अँप कार्टमध्ये टाकून बसलो होतो.

आजीनं विचारलं, "मग ह्यांच्या प्लेअरला कुठे होती असली भानगड?" प्रश्न बरोबर आहे. तसल्या जुन्या घरगुती प्लेअरमध्ये बहुतेक सिरॅमिक कार्ट्रिज असायचं, त्याचा सिग्नलच मोठा, प्रीअँपची गरज नाही.

बटण सरकवलं, व्हॉल्यूम शून्यावरून हळूहळू वर आणला. आधी तानपुरा आला. आजी काही बोलली नाही, फक्त चहाचा कप खाली ठेवला.

तुमच्याही माळ्यावर रेकॉर्ड असतील तर काढा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!