माहितीचा पूर आणि ज्ञानातील दरी

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





पालकांच्या सभेत हल्ली एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सर, मुलाला मोबाईल द्यावा की देऊ नये?" या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देऊन मोकळे होता येईल, पण त्याने कोणाचे समाधान होणार नाही. कारण हा प्रश्न केवळ एका घराचा नाही. नवे साधन आले की समाज बदलतो काय, आणि बदलला तर तो बदल कोणाच्या पदरात पडतो, यावर गेली साठ-सत्तर वर्षे जगातील विद्वान वाद घालीत आले आहेत. त्यांपैकी काही विचार मी आपल्यापुढे सोप्या शब्दांत ठेवणार आहे. त्यांतला एक विचार आपल्या मुलांच्या भवितव्याला थेट भिडणारा आहे. त्यावर मी अधिक वेळ घेईन.

प्रथम हे ध्यानात घेऊ की नव्या साधनाची भीती नवी नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटो याने आपल्या एका संवादात सॉक्रेटिसाच्या तोंडी एक कथा घातली आहे. लिहिण्याची कला शोधून काढणारा देव मिसरच्या राजाकडे येतो आणि आपल्या कलेची थोरवी सांगतो. राजा म्हणतो, या कलेने माणसांची स्मरणशक्ती दुबळी होईल. माणसे पुष्कळ ऐकतील, पण शहाणी होणार नाहीत, नुसती शहाणी दिसतील. गंमत अशी की, लेखनावरील ही टीका आज आपल्याला ठाऊक आहे ती प्लेटोने ती लिहून ठेवली म्हणूनच! तेव्हा नवे साधन दिसले की घाबरून दार लावून घेणे हा काही मार्ग नव्हे. पण राजाचा आक्षेपही अगदीच पोकळ नव्हता. शहाणे असणे आणि शहाणे दिसणे यांतला फरक आजही कायम आहे.

आता विसाव्या शतकाकडे वळू. कॅनडातील मार्शल मॅकलुहान यांचे माध्यमांवरील गाजलेले पुस्तक १९६४ साली निघाले. 'माध्यम हाच संदेश' हे त्यांचे वचन सर्वतोमुखी झाले. त्याचा अर्थ असा की, माध्यमातून काय सांगितले जाते याकडेच आपण पाहत बसतो. पण त्या माध्यमाने आपल्या जगण्याची गती, बैठक आणि सवयी कशा बदलल्या, हे अधिक महत्त्वाचे असते. विजेचा दिवा स्वतः काही सांगत नाही, पण त्याने रात्रीचा दिवस केला. मोबाईलचेही तसेच आहे. त्यात चांगले व्याख्यान ऐकले की वाईट गाणे, हा प्रश्न आहेच. पण जेवताना, अभ्यास करताना, पाहुणा समोर बसलेला असताना हात खिशाकडे जातो, हा बदल त्या व्याख्यानाहून आणि गाण्याहून मोठा आहे.

मॅकलुहान यांनी जग हे एक खेडे होईल असेही म्हटले होते. आपले वक्ते हा शब्द मोठ्या कौतुकाने वापरतात. परंतु खेड्यात सलोखाच असतो असे मॅकलुहान यांनी कधी मानले नाही. माणसे इतकी जवळ आली की तंटेही वाढतील, हे ते स्पष्टपणे सांगत. खेड्यात गोड बातमी पसरते, तशी अफवाही पसरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसे मंगळवेढ्याकडची होती. अशा अफवा त्या काळात मोबाईलवरून गावोगाव फिरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्यास आळा घातला. संदेश तेच, माणसे तीच, पण पुढे ढकलण्याची सोय कमी करावी लागली. माध्यमाची घडणच कधी कधी कशी घातक ठरते, याचे याहून दुःखद उदाहरण आपल्या राज्यात मिळणार नाही.

मॅकलुहान यांचे म्हणणे सर्वांनी मान्य केले असे नाही. वेल्समध्ये जन्मलेले विचारवंत रेमंड विल्यम्स यांनी १९७४ साली दूरचित्रवाणीवर पुस्तक लिहून त्यांना विरोध केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : यंत्र आपोआप समाज घडवीत नाही. यंत्र कोणी, कशासाठी, कोणाच्या पैशाने चालवले, यावर त्याचा परिणाम ठरतो. ब्रिटनमध्ये दूरचित्रवाणी सार्वजनिक सेवा म्हणून वाढली, अमेरिकेत ती जाहिरातदारांच्या पैशावर वाढली. यंत्र एकच, पण पडद्यावरचे जग वेगळे.

आपल्या देशातही याचा पडताळा आला आहे. १९७५-७६ या एका वर्षात अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी संच ठेवण्यात आले. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन आणि शाळेतील मुलांचे शिक्षण हे विषय त्यावर दाखवले जात, आणि गावकरी एकत्र बसून ते पाहत. तोच डबा पुढे घरोघरी आला, तेव्हा त्यावर साबणाच्या आणि शीतपेयांच्या जाहिराती झळकू लागल्या. डबा बिघडला नव्हता. त्याचा धनी आणि त्याचा हेतू बदलला होता.

मग आज आपल्या हातातील यंत्राचा हेतू काय? अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक १९७८ साली मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ मध्येच एक मार्मिक गोष्ट सांगून ठेवली होती. माहिती विपुल झाली की ती माणसाचे लक्ष खाते. म्हणून जिथे माहितीची श्रीमंती, तिथे लक्षाची गरिबी. आज अनेक मोठ्या कंपन्यांचा धंदा याच लक्षावर चालतो. आपण त्यांना पैसे देत नाही, म्हणून ते सारे फुकट आहे असे आपल्याला वाटते. परंतु आपण काय पाहिले, किती वेळ थांबलो, कशावर बोट ठेवले, याची नोंद होते आणि त्या नोंदीच्या आधारे जाहिरातदारांना आपल्यापर्यंत पोहोचवले जाते. अमेरिकेतील प्राध्यापिका शोशाना झुबॉफ यांनी २०१९ च्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेला पाळतीवर पोसलेली भांडवलशाही म्हटले आहे. विद्यार्थी मित्रांनो, एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, ती तुमच्या सोयीसाठी नव्हे. तुम्ही उठून जाऊ नये म्हणून ती तशी बसवलेली आहे.

आता मी मुख्य मुद्द्यावर येतो.

आपणां सर्वांची अशी समजूत असते की, माहिती स्वस्त झाली की गरीब आणि श्रीमंत, शिकलेला आणि न शिकलेला यांतले अंतर आपोआप कमी होईल. ग्रंथालय लांब असले तरी चालेल, शिकवणीची फी नसली तरी चालेल, सारे काही खिशात आले! १९७० साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील टिचेनर, डोनोह्यू आणि ओलियन या तीन संशोधकांनी या समजुतीला धक्का दिला. त्यांनी मांडलेले सूत्र असे : समाजात माहितीचा ओघ वाढतो, तेव्हा ती सर्वांनाच थोडीफार मिळते, पण जे आधीच शिकलेले आणि सुस्थितीत आहेत ते ती अधिक वेगाने आत्मसात करतात. त्यामुळे दरी बुजण्याऐवजी रुंदावण्याचा संभव असतो.

पाऊस सगळ्यांच्या शेतावर सारखाच पडतो. पण ज्याने बांध घातला आहे, त्याच्या शेतात पाणी मुरते, दुसऱ्याच्या शेतातून माती घेऊन वाहून जाते.

हे असे का होते? या संशोधकांनी जी कारणे दिली, त्यांतील चार आपल्या कामाची आहेत. एक, वाचण्याची आणि समजून घेण्याची क्षमता. दोन, मनात आधीपासून साठलेले ज्ञान. कारण नवी माहिती जुन्या माहितीलाच चिकटते. तीन, ज्यांच्याशी त्या विषयावर बोलता येईल अशा माणसांची सोबत. चार, काय घ्यावे आणि काय सोडावे याची निवड.

पालकहो, या चार कारणांकडे नीट पाहा. यांत महागड्या फोनचे नाव कुठेही नाही.

सप्टेंबर २०१६ नंतर आपल्या देशात मोबाईलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. २०१७ पासून 'स्वयम्' या सरकारी मंचावर नामांकित प्राध्यापकांचे पाठ घरबसल्या ऐकता येतात. शिष्यवृत्तीचे अर्जही ऑनलाईन भरले जातात. दार सर्वांना उघडे आहे. तरीही एका घरातील मुलगा अर्जाची शेवटची तारीख आठ दिवस आधी जाणतो, आणि दुसऱ्या घरातील मुलाला ती उलटून गेल्यावर कळते. दोघांच्या हातात फोन सारखाच असतो. पहिल्याच्या घरी विचारणारे कोणीतरी असते, हाच काय तो फरक.

याच संदर्भात एक प्रयोग सांगतो. १९६९ च्या नोव्हेंबरात अमेरिकेत 'सेसमी स्ट्रीट' हा लहान मुलांचा कार्यक्रम दूरचित्रवाणीवर सुरू झाला. गरीब घरांतील मुले शाळेत जाण्यापूर्वीच मागे पडतात, त्यांना अक्षरे आणि आकडे हसतखेळत शिकवावेत, हा त्याचा एक प्रमुख उद्देश होता. कार्यक्रम उत्तम होता आणि मुले शिकलीही. परंतु थॉमस कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली त्याची फेरतपासणी केली, तेव्हा त्यांना दोन गोष्टी आढळल्या. केवळ कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांपेक्षा, ज्यांना पाहण्यासाठी कोणीतरी मुद्दाम उत्तेजन दिले होते त्या मुलांना बराच अधिक लाभ झाला. आणि सुस्थितीतील मुले तो कार्यक्रम अधिक पाहत असल्याने दरी वाढण्याचाही धोका होता. गरिबांसाठी काढलेल्या चांगल्या कार्यक्रमाचीही ही कथा! पडदा शिकवतो, पण पडद्याशेजारी माणूस असला तर फार अधिक शिकवतो.

आता दरीची दुसरी बाजू आपल्याच घरात पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण देशात सुमारे ५७ टक्के, तर स्त्रियांचे सुमारे ३३ टक्के निघाले. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा घरात फोन एक आणि शिकणारी मुले तीन अशी पुष्कळ कुटुंबांची अवस्था होती. मग फोन कोणाच्या हाती गेला? ज्या घरांत तो आधी भाईजानच्या हाती गेला आणि बहिणीच्या वाट्याला उरलेला वेळ आला, त्या घरांनी ज्ञानाची दरी एकाच छपराखाली खणली. मुलीच्या हाती फोन दिला तर ती बिघडेल, अशी भीती काही पालक बोलून दाखवतात. मी त्यांना नम्रपणे विचारतो : हीच भीती मुलाच्या बाबतीत का वाटत नाही? रात्री दोनपर्यंत फोन घेऊन बसणारा मुलगा सुधारतो काय? नियम करावयाचा असेल, तर तो दोघांसाठी सारखाच असावा.

तात्पर्य काय? मॅकलुहान सांगतात, साधन आपल्या सवयी बदलते. विल्यम्स सांगतात, साधन कोणाच्या हेतूने चालते ते पाहा. सायमन सांगतात, खरी पुंजी आपले लक्ष आहे. आणि मिनेसोटाचे संशोधक सांगतात, साधन वाटले म्हणजे ज्ञान वाटले असे नव्हे. ही चारही वचने एका घरात उतरवायची तर काय करावे, ते सांगून मी संपवतो.

पहिली गोष्ट वाचनाची. उर्दू असो, मराठी असो की इंग्रजी, मुलाने रोज अर्धा तास छापील पान मोठ्याने वाचावे. अम्मीला किंवा दादीला लिहिता-वाचता येत नसले, तरी तिने शेजारी बसून ऐकावे आणि शेवटी विचारावे, "यात काय सांगितले आहे, मला समजावून सांग." दुसऱ्याला समजावून सांगताना स्वतःला किती कळले आहे ते कळते.

दुसरी गोष्ट सोबतीची. फोनवर मुलाने आज काय पाहिले, याची झडती घेऊ नका, चौकशी करा. झडतीने मूल लपवायला शिकते, चौकशीने बोलायला शिकते.

तिसरी गोष्ट निवडीची. फोन उघडण्यापूर्वी "मी हा कशासाठी उघडत आहे?" हे विद्यार्थ्याने स्वतःला विचारावे, आणि ते काम झाले की तो बंद करावा. झोपताना फोन उशाशी नको. हा नियम वडिलांनी आधी पाळावा. मुले ऐकून जितके शिकत नाहीत, तितके पाहून शिकतात.

चौथी गोष्ट जबाबदारीची. आलेला संदेश खरा आहे काय, कोणी पाठवला, कधीचा आहे, हे ठाऊक नसेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा. राईनपाड्यासारखे पुन्हा घडू नये, म्हणून प्रत्येकाने एवढे तरी करावे.

आणि शाळेने काय करावे? ज्यांच्या घरी विचारणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी शाळेने ते माणूस व्हावे. अर्जाच्या तारखा फळ्यावर लिहाव्यात, वरच्या वर्गातील मुलामुलींनी खालच्या वर्गातील मुलांना अर्ज भरण्यास मदत करावी, आणि आठवड्यातून एक तास 'आलेली बातमी कशी तपासावी' यासाठी राखून ठेवावा. यासाठी मोठा निधी लागत नाही. वेळ आणि आस्था लागते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या हातात आज जितकी माहिती आहे, तितकी पूर्वीच्या मोठमोठ्या विद्वानांच्या दालनातही नव्हती. पण त्यांना एका ओळीपाशी थांबता येत होते. तुम्हालाही थांबता आले पाहिजे. माहितीचा पाऊस यापुढेही पडत राहील. आपल्या शेताला बांध घालण्याचे काम मात्र आपल्यालाच करावे लागेल.