अस्थिकलश : मातीचा, तांब्याचा आणि लाकडाचा

अस्थिकलश कशाचा करायचा, हे त्यात अस्थी किती दिवस राहणार आणि कुठवर जाणार यावर ठरते. पुण्यात हा मुक्काम बहुधा थोड्या दिवसांचाच असतो. वैकुंठ स्मशानभूमीत दहन झाले, की दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी घरची माणसे अस्थी सावडायला जातात. राखेवर दूध-पाणी शिंपडून हाडांचे तुकडे वेचायचे, मडक्यात भरायचे आणि तोंडाला फडके बांधायचे. हे मडके घरात घेत नाहीत, झाडाला टांगून ठेवण्याची जुनी रीत आहे. पुढे आळंदीला इंद्रायणीत, नाशिकला रामकुंडात किंवा जमल्यास प्रयागला विसर्जन होते. एवढ्या कामाला कुंभाराचे साधे मडके पुरते. पूर्वी ते कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यातून येई. आता बरेच कुंभार मुंढव्याच्या केशवनगरात काम करतात.

माती आणि मृत्यू यांचा या जिल्ह्यातला संबंध फार जुना आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे उत्खनन केले. सांकलिया, ढवळीकर आणि अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी तिथले लोक मेलेल्या मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली पुरत. एका चार पायांच्या मोठ्या रांजणात तर प्रौढ माणूस बसलेल्या स्थितीत सापडला. ते दफन होते, दहन नव्हे; पण मृतासाठी भांडे घडवणारे हात इथे तेव्हाही होते.

प्रवास लांबचा असला, की तांबे येते. कसबा पेठेतली तांबट आळी पेशवाईपासून त्यासाठी नाव राखून आहे. पत्रा कापून गोल करायचा, सांधा डाक देऊन जोडायचा, ठोकून कडक झालेले तांबे भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचे आणि शेवटी मठारायचे. मठारकाम म्हणजे हातोडीचे घाव ओळीने, एकाशेजारी एक, सबंध भांड्यावर घालणे. प्रत्येक घावाचा चपटा, चकचकीत ठसा उमटतो. त्याने शोभा येतेच, पण पत्राही घट्ट होतो. फेब्रुवारी १९४८ मध्ये गांधीजींच्या अस्थी प्रयागला गेल्या त्या तांब्याच्याच कलशातून. त्यांचा काही अंश पुण्यात आगाखान पॅलेसच्या आवारात, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या समाध्यांजवळ आहे. ज्या अस्थी कायमच्या ठेवायच्या त्यांच्यासाठी आपल्याकडे बहुधा दगड वापरला गेला.

मग लाकूड कुठे येते? आपल्या रिवाजात ते तिरडीच्या बांबूत आणि चितेत येते, कलशात नाही. एक अपवाद मात्र प्रसिद्ध आहे. गांधीजींच्या अस्थींचा एक भाग कटकच्या स्टेट बँकेच्या तिजोरीत लाकडी पेटीत वर्षानुवर्षे पडून होता आणि ३० जानेवारी १९९७ रोजी त्याचे प्रयागला विसर्जन झाले.

पश्चिमेकडे लाकडी अस्थिकलश हा सुतारांच्या घरगुती कारखान्यांचा रीतसर धंदा आहे. अमेरिकेत २०१६ साली दहनाचे प्रमाण निम्म्यावर गेले आणि शवपेट्यांऐवजी कलशांची मागणी वाढली. तिकडे हाडे वेचत नाहीत. जे उरते ते सगळे यंत्रात दळून घरच्यांच्या हाती देतात, आणि अनेकजण ते घरीच ठेवतात. म्हणून कलश मोठा लागतो. कारागिरांचा हिशेब देहाच्या दर किलो वजनामागे सुमारे ३६ घन सेंटिमीटर जागा असा असतो. साठ किलोच्या माणसासाठी सव्वादोन लिटरच्या आसपास. पुण्यातल्या मडक्याला असा हिशेब कधी लागला नाही.

लाकडी कलश पिढ्यान्‌पिढ्या टिकायचा तर तो लाकडाच्या स्वभावाशी जुळवून घडवावा लागतो. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तेही लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत. ओल्या ओंडक्यातून एका दमात कातलेला कलश वाकतो किंवा तडकतो. जाणता कातारी आधी जाड भिंत ठेवून आतून पोखरतो, काही महिने सावलीत वाळू देतो आणि वाकायचे तेवढे वाकून झाले, की पुन्हा लेथवर चढवून शेवटचा हात फिरवतो. पेटी करायची तर कोपऱ्यांना खिळे न मारता एकमेकांत अडकणारे दाते पटाशीने काढतात. झाकण बहुधा उघडतच नाही. राखेची पिशवी तळाची फळी स्क्रू काढून आत सरकवतात. देव्हारे आणि चौरंग करणाऱ्या पुण्याच्या सुताराला यातले काहीच नवे नाही, आणि भवानी पेठेच्या टिंबर मार्केटमध्ये सागवान मिळते. गिऱ्हाईक तेवढे इथे नाही.

ते गिऱ्हाईक परदेशी स्थायिक झालेल्या मराठी घरांत आहे. तिकडे दहन झाले आणि विसर्जन आळंदीला किंवा नाशिकला करायचे ठरले, तर अस्थी विमानाने येतात. विमानतळावर क्ष-किरणांतून पेटीच्या आतले दिसावे लागते. धातूच्या कलशातून ते दिसत नाही, आणि तो उघडून पाहणे सुरक्षा कर्मचारी टाळतात. लाकडातून दिसते. त्यामुळे सोबत मृत्यूचा आणि दहनाचा दाखला, भारतीय वकिलातीचा कागद आणि लाकडाची किंवा प्लॅस्टिकची पेटी, अशी तयारी करावी लागते. नदीवर आल्यावर मात्र ही पेटी पाण्यात सोडता येत नाही, कारण ती तरंगते. तिथे अस्थी पुन्हा मडक्यात किंवा तांब्यात काढून घ्याव्या लागतात.