पाटा आणि थडगं

श्रोतेहो, मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिला आहे ‘एका खेड्यातलं जुनं चर्च’. मला खरं म्हणजे एवढंच सांगायचं आहे, की दगडावर अक्षरं दिसली तर ती वहीत उतरवून घ्या. चर्च ओघानं येईलच.

इंग्लंडमध्ये विल्टशर परगण्यात क्लिफ पायपार्ड नावाचं गाव आहे. झाडीनं भरलेल्या खडूच्या कड्याखाली सेंट पीटरचं चर्च उभं आहे. मी तिथे गेले ती आपल्या फादर स्टीफन्सपायी. मराठी ओव्यांत ‘क्रिस्तपुराण’ लिहिणारा थॉमस स्टीफन्स १५४९च्या सुमारास जन्मला तो याच पॅरिशमधल्या बुशटन वाडीवर. १५७९ साली तो गोव्यात उतरला, पुढची चाळीस वर्षं तिकडेच राहिला आणि १६१९ साली तिकडेच वारला. तेव्हा त्याची कबर इथे शोधण्यात अर्थ नाही. मी इतरांच्या वाचत बसले.

आत एक संगमरवरी स्मारक आहे, चांगलं ऐसपैस. वाटतं, कुणी जमीनदार असेल. छे! थॉमस स्पॅकमन नावाचा सुतार, १७८६ साली वारलेला. जवळ त्याची हत्यारंही कोरली आहेत. ते छपराखाली आहे, म्हणून टिकलं. अंगणातल्या माणसांच्या नशिबी छप्पर नाही.

आता आईच्या हाताखालचा पाटा आठवा. रोजच्या वाटणानं तो गुळगुळीत व्हायचा, मिरची नुसती सरकायची. मग टाकीवालीला हाक मारायची. ती अंगणात बसून छिन्नी-हातोडीनं टकटक टकटक करायची, की पाटा पुन्हा चावायला लागायचा. थडग्याचा दगडही असाच गुळगुळीत होतो. त्याच्यावर वाटण घालतात पाऊस, वारा आणि हिवाळ्यात गोठणारं पाणी. पण या पाट्याला टाकी लावता येत नाही हो! आईच्या पाट्यावर खाच इकडची तिकडे गेली तरी चटणीला फरक पडत नव्हता. इथे एक खाच वाढली, की १७८१ साली गेलेलं मूल १७८७ पर्यंत जगतं. म्हणून टाकी दगडाला नाही, कागदाला लावायची. उतरवून घ्यायचं.

आणि कसं उतरवायचं? तारेचा ब्रश घेऊन शेवाळ खरवडायचं नाही, त्याबरोबर अक्षरही निघून येतं. पीठ, खडू काही चोळायचं नाही. सकाळी किंवा उतरत्या दुपारी जायचं. कलतं ऊन पडलं, की सपाट वाटणाऱ्या दगडातून अक्षरं वर येतात. ऊन दुसऱ्या बाजूला असेल तर पर्समधला आरसा धरून त्याची तिरीप आणायची. दिसेल तेवढंच लिहायचं, न दिसेल तिथे टिंबं द्यायची. मनानं भरायचं नाही. फोटो काढा, पण दगडाचा! आपण ठळक आणि मागे दगड पुसट, असले फोटो पुरे झाले.

वहीनं काय होतं म्हणाल, तर स्टीफन्सकडेच बघा. क्रिस्तपुराण १६१६ साली छापलं, मग १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापलं. तीन वेळा! त्या छापील प्रतींपैकी एकही आज ठाऊक नाही. तरी ते आपल्या हाती आलं, कारण लोकांनी ते हातानं उतरवून ठेवलं होतं. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ साल्ढाणांनी १९०७ साली मंगळूरला ते छापलं. छापलेलं गेलं, उतरवलेलं राहिलं. कुणी रेडिओ आत्ताच लावला असेल तर पुन्हा सांगते, उतरवून घ्या.

याच अंगणात निकोलाउस पेव्हस्नर बायकोशेजारी विसावला आहे. जर्मनीतून आलेला हा माणूस, इंग्लंडच्या इमारतींवर त्यानं ४६ खंडांची माला उभी केली. त्यात अशा खेड्यांतली चर्चंसुद्धा आली. म्हणजे इथला एकजण आपल्याकडे येऊन मराठीत ओव्या रचतो आणि बाहेरून आलेला दुसरा इथल्या... काचेपलीकडून बोट वर झालंय, एकच मिनिट राहिलं.

तर आपल्याकडचं. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेखांच्या शिळा आहेत. आपण त्यांच्यावर चपला घालून उभे राहतो आणि छत कुठे गेलं म्हणून वर बघतो. खाली बघा ना जरा! तुमच्या गावाच्या वेशीवर वीरगळ असेल, त्यावर अक्षरं नसली तर काय करायचं, तेही सांगायचं होतं. ते आता राहिलं. वही मात्र न्या, आणि पेन्सिल न्या. पेन नको. शाईवर पावसाचा एक थेंब पडला, की वहीचंसुद्धा थडगं होतं.