यकृताचा कर्करोग आणि त्यावरील उपचारांचे संशोधन

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



गेल्या वर्षी नववीतील एका विद्यार्थ्याने मधल्या सुट्टीत मला गाठले. त्याचे वडील यकृताच्या कर्करोगाने नुकतेच अल्लाला प्यारे झाले होते. त्याने दोन प्रश्न विचारले. पहिला असा, "सर, पेपरात नेहमी येते की कॅन्सरवर नवे औषध निघाले. मग अब्बांना का नाही मिळाले?" दुसरा प्रश्न विचारताना त्याने मान खाली घातली. "लोक म्हणतात, अब्बा चोरून पीत असतील. खरे का?" मी इतिहासाचा शिक्षक. त्या दिवशी मला काहीच सांगता आले नाही. नंतर काही वाचले, डॉक्टर मित्रांना विचारले. त्याची आणि त्याच्या अम्मीची परवानगी घेऊनच आज त्यावर बोलत आहे.

यकृत म्हणजे काय हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बकरी ईदला कुर्बानीचे जनावर साफ करताना कलेजीला चिकटलेली पित्ताची पिशवी फुटू नये म्हणून आपण किती जपतो! ते हिरवट, कडू पित्त कलेजीतच तयार होते आणि बारीक नळ्यांतून वाहत आतड्यात जाते. ओहोळ मिळून ओढा व्हावा तशा या नळ्या एकमेकींना मिळत जातात. कर्करोग यकृताच्या पेशींत होतो तसाच या नळ्यांतही होतो. हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

आता दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्या मुलाला तोच अधिक सलत होता. दारूने यकृत खराब होते हे खरे आहे. पण यकृताच्या कर्करोगाचे जगातील सर्वांत मोठे कारण हिपॅटायटिस 'बी' नावाचा विषाणू आहे. तो बाळंतपणात आईकडून मुलाला जातो, दूषित सुईतून, रक्तातून किंवा शरीरसंबंधातून जातो आणि वीस-तीस वर्षे मुकाट्याने यकृतात राहतो. हिपॅटायटिस 'सी' आहे, मधुमेह व लठ्ठपणाबरोबर यकृतात साठणारी चरबी आहे. त्या मुलाच्या अब्बांच्या रक्तात 'बी' विषाणू होता. तसे कागदपत्रांत लिहिलेले आहे. त्यांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. आपल्या समाजात दारू निषिद्ध, म्हणून यकृताचा रोग झाला की माणूस बदनाम होतो. जनाजा उठायच्या आधी कुजबुज सुरू होते. ही कुजबुज आपण थांबवली पाहिजे, हे मी या व्यासपीठावरून स्पष्टपणे सांगतो.

आता पहिला प्रश्न, औषधांचा.

यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून येते आणि उरलेले हृदयाकडून येणाऱ्या धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र बहुतेक सगळे रक्त धमनीतूनच ओढते. येथेच डॉक्टरांना युक्ती सापडली. जांघेतील धमनीतून बारीक नळी सरकवत थेट गाठीपर्यंत न्यायची, तेथे औषध सोडायचे आणि मागोमाग ती धमनी बुजवून टाकायची. गाठ उपाशी मरते, यकृत दुसऱ्या वाटेने जगते. जपानमध्ये हे उपचार १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून होऊ लागले. पण त्याने आयुष्य खरोखर वाढते की नाही, हे ठरायला २००२ साल उजाडले. त्या वर्षी बार्सिलोना आणि हाँगकाँग येथील दोन चाचण्या प्रसिद्ध झाल्या. बार्सिलोनात हे उपचार मिळालेल्यांपैकी शेकडा ६३ रुग्ण दोन वर्षांनंतर हयात होते. न मिळालेल्यांपैकी २७. वीस वर्षे का लागली, असे आपल्या मनात येईल. उपचार घेणारे आणि न घेणारे रुग्ण चिठ्ठी टाकल्यासारखे निवडून त्यांची तुलना केल्याखेरीज, माणूस औषधाने जगला की त्याचा रोगच मंद होता, हे कळत नाही. वर्गात हुशार मुलेच घेऊन शंभर टक्के निकाल लावणाऱ्या शाळा आपण पाहतोच!

संपूर्ण यकृत बदलण्याचा पहिला प्रयत्न अमेरिकेत डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी १९६३ मध्ये केला. तो रुग्ण वाचला नाही. १९६७ मध्ये यकृताचा कर्करोग असलेली एक लहान मुलगी शस्त्रक्रियेनंतर वर्षभराहून अधिक जगली, पण रोग परतला. हे प्रत्यारोपण कोणाला करावे याचा नियम १९९६ मध्ये इटलीत मिलान येथे बसवला गेला. गाठ एकच असेल तर पाच सेंटिमीटरपर्यंत, दोन-तीन असतील तर प्रत्येक तीन सेंटिमीटरपर्यंत. अशा रुग्णांत शेकडा ७५ जण चार वर्षांनी हयात होते. आकडे उत्तम आहेत, पण अट पाहा : गाठ लहान असताना सापडली पाहिजे. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाहीत, आणि थोडाच भाग शाबूत असला तरी ते काम रेटत राहते. म्हणून बहुतेकांचा रोग उशिरा कळतो.

उशिरा कळलेल्यांसाठी पहिले परिणामकारक औषध २००७ मध्ये मान्य झाले. सोराफेनिब नावाची गोळी. चाचणीत ६०२ रुग्ण होते. गोळी घेणारे सरासरी १०.७ महिने जगले, न घेणारे ७.९. तीन महिन्यांसाठी एवढा खटाटोप, असे मलाही आधी वाटले. पण मुलीचा निकाह डोळ्यांनी पाहायचा असलेल्या बापाला तीन महिने म्हणजे काय, हे आपण जाणता.

आणि ही गोळी भारतात किती रुपयांना होती? महिन्याच्या १२० गोळ्यांना २,८०,४२८ रुपये! मार्च २०१२ मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने १९७० च्या पेटंट कायद्याखाली हैदराबादच्या नॅटको कंपनीला तीच गोळी बनवण्याचा सक्तीचा परवाना दिला आणि किंमत ८,८८० रुपयांच्या वर जाऊ नये असे बजावले. भारतातील असा हा पहिलाच परवाना. मूळ बायर कंपनीची गोळी गरजू रुग्णांपैकी जेमतेम दोन टक्क्यांपर्यंत पोहोचली होती, असे त्या निर्णयात नमूद आहे. कंपनी उच्च न्यायालयात हरली आणि डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तिची याचिका फेटाळली. कंपनीचे म्हणणे असे की संशोधनाला अफाट खर्च येतो. ते खोटे नाही. तिने खर्च केला नसता तर गोळीच नसती. परंतु आपल्या गावच्या माणसाला न मिळणारे औषध त्याच्यापुरते शोधलेच गेले नाही, असे मी मानतो.

पुढचा टप्पा २०२० चा. शरीरातील रक्षक पेशींना एक लगाम असतो आणि कर्करोग तो ओढून धरतो. एका औषधाने लगाम सैल करायचा, दुसऱ्याने गाठीकडे जाणाऱ्या नव्या रक्तवाहिन्या तोडायच्या. अशा दोन इंजेक्शनांच्या जोडीने एक वर्षानंतर शेकडा ६७ रुग्ण हयात होते. सोराफेनिब घेणाऱ्यांत ५५. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा फुटून रक्तस्राव होण्याची भीती असते, म्हणून दुर्बिणीने आधी तपासावे लागते.

पित्तनलिकांच्या रोगात प्रगती अधिक संथ आहे. २०१० मध्ये ब्रिटनमधील ४१० रुग्णांच्या चाचणीने दोन औषधांचा मेळ पक्का केला, आयुष्य ८.१ वरून ११.७ महिन्यांवर गेले. २०२२ मध्ये त्यालाच लगाम सैल करणारे औषध जोडले, तेव्हा दोन वर्षांनी हयात असणारे शेकडा १० चे २५ झाले. काहींच्या गाठीत विशिष्ट जनुकाचा बिघाड सापडतो, त्यांच्यासाठी २०२० पासून वेगळी गोळी आहे. थायलंडच्या ईशान्य भागात हा रोग फार आहे, कारण तेथे गोड्या पाण्यातील कच्चे मासे खातात आणि त्यांतून एक कृमी पित्तनलिकांत शिरतो. आपण मासे शिजवूनच खातो, तेव्हा घाबरू नका.

घाबरायचे ते वेगळ्या गोष्टीला. नलिका बंद झाली की डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, शौचास पांढरट होते. आपल्याकडे मग कावीळ उतरवणाऱ्याकडे जातात. तो हातांना आंब्याच्या सालीचा रस चोळून चुन्याच्या पाण्यात धुवायला लावतो आणि पाणी पिवळे होते. रस आणि चुना यांचा तो रंग. निरोगी माणसाचे हात धुतले तरी तोच येतो! साधी कावीळ बहुधा आपोआप बरी होते, त्यामुळे त्याचे नाव होते. नलिका बंद असलेल्याचे मात्र दोन-तीन महिने जातात.

त्या मुलाच्या अब्बांचे असेच झाले. शहरातील रुग्णालयात नेले तेव्हा पोटात पाणी झाले होते. मी सांगितलेल्या नव्या औषधांच्या चाचण्या उरलेले यकृत बऱ्यापैकी चालत असलेल्या रुग्णांवर झालेल्या आहेत. त्यांचे यकृत ते औषध सोसण्याच्या पलीकडे गेले होते, म्हणून डॉक्टरांनी दिले नाही. पैसे नव्हते म्हणून नव्हे. हे मी त्या मुलाला जसेच्या तसे सांगितले.

अशा घरात बाकीच्यांचे रक्त तपासावे, हे मला डॉक्टरांनीच सांगितले. 'बी' विषाणूची लस बाळांना देण्याची मोहीम तैवानने १९८४ मध्ये सुरू केली आणि दहा वर्षांत तेथील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताचा कर्करोग जवळजवळ निम्मा झाला. आपल्याकडे ही लस २०११ पर्यंत देशभर बाळांना मिळू लागली. त्याआधी जन्मलेले पुष्कळजण लसीवाचून राहिले. त्या घरात अम्मी आणि धाकटी भावंडे निर्दोष निघाली, त्यांना लस दिली. बावीस वर्षांच्या थोरल्या भावाच्या रक्तात विषाणू सापडला. आता दर सहा महिन्यांनी त्याची सोनोग्राफी होते. मागच्या महिन्यातील ठीक आली.