पाहिले ते कळवावे



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी विषय कोणता घेणार, असे चिटणिसांनी विचारले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा मराठी कवितेतील निसर्गवर्णन असावे. माझा प्रबंध त्याच विषयावरचा आणि पोटापाण्याचा व्यवसायही तोच. मी ‘बिबट्या’ एवढेच कळवले. दोन दिवसांनी त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. पत्रिकेत छापण्यापूर्वी खात्री करून घेत होते. त्यांच्या सौजन्याचा मी आभारी आहे. चूक नव्हती. गेली साठ वर्षे या वास्तूतील एका माणसाचे मी एक उत्तर देणे लागतो, आणि ते बिबट्याविषयीचे आहे.

१९६३ साली मी आठवीत होतो. शाळेची सहल शिवपुरीला गेली होती. सख्यासागराच्या काठी आम्ही मगर पाहिली, चितळांचा एक कळप पाहिला, आणि डबे संपवून संध्याकाळी लष्करात परत आलो. नंतर गुरुजींनी निबंध लिहावयास सांगितला. मगर आणि चितळ सगळ्यांनीच पाहिलेले. त्यात माझे वेगळेपण कोठले? मी लिहिले की, सर्वजण पुढे गेले असता मी एकटा मागे राहिलो आणि झुडपाआडून एक चित्ता माझ्याकडे पाहत असलेला मला दिसला. त्याच्या डोळ्यांतील अंगार, अंगावरील ठिपक्यांवर पडलेले सायंकाळचे सोनेरी ऊन, असे सर्व काही मी त्यात घातले. त्या वयातही माझी भाषा बरी होती, हेच माझे दुर्दैव.

वही परत आली तेव्हा खाली तांबड्या शाईने तीन वाक्ये होती. “भाषा उत्तम. चित्ता आपल्या देशातून नाहीसा झाल्याचे सरकारने १९५२ सालीच जाहीर केले आहे. तेव्हा आपण काय पाहिले ते कळवावे.” गुण मात्र वर्गात सर्वाधिक होते. मी काहीही कळवले नाही. गुरुजी पुढे आणखी दोन वर्षे आम्हाला शिकवीत होते. त्यांनी त्या गोष्टीचा उल्लेख एकदाही केला नाही. ते रागावले असते तर प्रकरण तेथेच मिटले असते.

येथे थोडे शब्दांविषयी बोलू द्यावे, तो माझा जुना दोष आहे. बिबट्या आणि चित्ता यांची गल्लत आपल्या भागात मुलेच करतात असे नाही. हिंदी बोलणारी भली भली माणसे तेंदुआला सर्रास ‘चीता’ म्हणतात. ‘चित्ता’ हा शब्द ‘चित्रक’ या संस्कृत शब्दावरून आलेला. अंगावर चित्रे आहेत तो चित्रक, मग तो कोणताही असो. महाराष्ट्रातील खेडूत तर बिबट्यालाही वाघच म्हणतो, आणि वाघोबाच्या ठाण्यातील दगडावर कधी पट्टे असतात, कधी ठिपके. मला सर्वांत आवडतो तो ‘द्वीपी’ हा शब्द. अमरकोशात तो व्याघ्राच्या नावांत आहे. ज्याच्या अंगावर द्वीपे, म्हणजे बेटे आहेत, तो द्वीपी. ज्या कोणी हा शब्द प्रथम उच्चारला, त्याने तो प्राणी स्वस्थपणे पाहिला होता. चित्त्याच्या अंगावर भरीव टिकल्या असतात. बिबट्याच्या अंगावरचे काळे तुकडे कडी करून बसतात आणि मध्ये पिवळी जमीन राहते. बेटांची कंकणे म्हणा. शिवाय चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत काजळ ओघळल्यासारखी काळी रेघ असते. ती बिबट्याला नसते. हे सर्व मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. दोन्हींपैकी एकही प्राणी मी मोकळ्या रानात पाहिलेला नव्हता.

२०२३ च्या जुलैत जोहान्सबर्गला मुलीकडे गेलो असताना ती म्हणाली, “बाबा, चार दिवस क्रूगरला जाऊ. गाडी मी चालवीन.” त्याच वर्षी फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आपल्या कूनोच्या रानात आणले गेले होते, त्याआधी सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ आले होते. गुरुजींनी नाहीसा म्हणून सांगितलेला प्राणी सत्तर वर्षांनी आपल्याच विभागात आला आणि मी त्याच्या देशात निघालो, याची मला गंमत वाटली.

क्रूगर राष्ट्रीय उद्यान सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरांचे आहे. पाच गोवे त्यात मावतील आणि थोडी जागा उरेल. १९२६ साली ते राष्ट्रीय उद्यान झाले. पुढल्या वर्षी प्रवाशांना खुले केले तेव्हा त्या वर्षभरात अवघ्या तीन मोटारी आल्या म्हणतात. आज तेथे आपली गाडी आपणच चालवता येते. वाटाड्या किंवा उघडी जीप हवीच असे नाही. डांबरी रस्त्यावर ताशी पन्नास किलोमीटर, खडीच्या रस्त्यावर चाळीस, त्याहून वेग नाही. आणि मुक्कामाची ठाणी व काही नेमलेल्या जागा सोडल्या तर गाडीबाहेर पाय टाकावयाचा नाही. जुलै म्हणजे तेथील हिवाळा. सकाळी सहाला फाटके उघडतात, सायंकाळी साडेपाचला मिटतात, आणि उशिरा येणाऱ्याची गय नसते. ठाण्याभोवती कुंपण असते ते माणसांना आत ठेवण्यासाठी. जनावरे बाहेर मोकळी. हिवाळ्यात पाने झडतात, पाणवठे आटतात, म्हणून प्राणी पाहण्यास हाच काळ चांगला.

या रानाची दुसरी बाजूही आहे, ती वगळून चालणार नाही. त्याच्या उत्तर टोकाच्या मकुलेके लोकांना १९६९ साली तेथून हुसकावून लावले होते. त्यांची जमीन त्यांना १९९८ साली परत मिळाली. मोकळे रान म्हणून आपण जे पाहतो, ते पुष्कळदा मोकळे करून घेतलेले असते.

मुलीने मला पहिल्या दिवशी धडे दिले. बिबट्या शोधू नये. रानात बहुतेक रेघा उभ्या असतात, म्हणून आडवी जाड फांदी शोधावी आणि तिच्याखाली काही लोंबते आहे का ते पाहावे. बिबट्या आपली शिकार सिंह आणि तरस यांच्यापासून वाचवण्यासाठी झाडावर चढवून ठेवतो. स्वतःहून जड जनावरही तो तोंडात धरून वर नेतो. दुसरे असे की, इम्पाला हरणांचा कळप चरताना दिसला तर पुढे जावे. पण सगळी एकाच दिशेला माना वळवून उभी असतील आणि नाकातून फुरफुरत असतील तर गाडी बंद करावी. आपल्याकडे चितळ आणि वानर हेच काम करतात. ठाण्याच्या दाराशी एक नकाशाचा फलक असतो. कोणी कोठे काय पाहिले त्याच्या रंगीत खुणा लोक त्यावर लावतात. सिंहाचा रंग वेगळा, बिबट्याचा वेगळा, चित्त्याचा वेगळा. त्या फलकापुढे मी बराच वेळ उभा होतो. कोणी खोटी खूण लावली तर तेथे विचारणारे कोणी नसते.

दुसऱ्या दिवशी स्कुकुझाहून लोअर साबीकडे निघालो. साबी नदीच्या काठाकाठाने जाणारा हा रस्ता बिबट्यासाठी प्रसिद्ध आहे. एका वळणावर पंधरा-वीस मोटारी दाटल्या होत्या. मुलीने काच खाली करून शेजारच्या गाडीला विचारले, आणि वळून म्हणाली, “बाबा, नदीकडचं मोठं उंबर. दुहेरी फांदी. तिच्या डावीकडे.” (ते आपले उंबर नव्हे, पण त्याचा सख्खा भाऊ.) आता माझी अडचण सांगावयास हवी. माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग खराब झाला आहे, डाव्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली आहे. सरळ पाहावे तर मध्यभागी धूर दिसतो, कडेचे मात्र स्वच्छ. दुर्बिणीतून मला पाने दिसली, ऊन दिसले आणि धूर दिसला.

“दिसला का, बाबा?”

चारशे किलोमीटर गाडी चालवून आणलेली मुलगी विचारीत होती. मी म्हणालो, “दिसला. वा! काय डौल आहे!”

मागच्या आसनावरून दहा वर्षांच्या नातीने विचारले, “आजोबा, तो बसलाय की उभा आहे?”

“बसलाय.”

“तोंड कुठे आहे?”

“नदीकडे.”

थोडा वेळ ती गप्प होती. मग अगदी हलक्या आवाजात, मला एकट्याला ऐकू यावे म्हणून पुढे वाकून म्हणाली, “आजोबा, तो मघाशीच उतरून गेला. आता नुसतं हरीण लटकतंय.”

श्रोतेहो, मी साठ वर्षांत एक पाऊलही पुढे गेलो नव्हतो. तिने आपल्या आईला ते सांगितले नाही. गुरुजींनीही वर्गात सांगितले नव्हते. त्या रात्री ठाण्यातल्या अंगणात शेगडीपाशी बसून मी दोघींना शिवपुरीची गोष्ट सांगितली. मुलगी हसली. नात हसली नाही, तिने विचारले, “मग तुम्ही गुरुजींना उत्तर काय लिहिलंत?”

शेवटच्या दिवशी पहाटे गारठा फार होता. फाटक उघडताच आम्ही लोअर साबीच्या उत्तरेला एका खडीच्या वाटेने निघालो. सात वाजून गेले असतील. पंधरा-सोळा इम्पाला वाटेच्या डाव्या अंगाला उभ्या, सगळ्यांच्या माना एकीकडे. मुलीने गाडी बंद केली. दुसरी मोटार नव्हती. पुढे जुन्या वारुळावर वाढलेले एक झाड होते. ते तेथे जॅकलबेरी म्हणून ओळखतात. आपल्या तेंदूच्याच कुळातले ते झाड आहे. तेंदूच्या भावंडावर तेंदुआ असावा, हा निव्वळ योगायोग. व्युत्पत्ती म्हणून कोणी माझ्या नावावर घालू नये.

चाळीस मिनिटे आम्ही बसलो. मी झाडाकडे पाहत राहिलो आणि मला धूर दिसत राहिला. मान अवघडली म्हणून मी इम्पालांकडे वळलो, आणि तेव्हा डोळ्याच्या कडेला काहीतरी हलले. मी मान वळवली, नाहीसे झाले. पुन्हा इम्पालांकडे पाहिले, पुन्हा दिसले. मग वळलो नाही. नात श्वास रोखून होती, पण “दिसला का?” असे या खेपेस कोणीच विचारले नाही. संध्याकाळी ठाण्यावर परतल्यावर मी तिच्या वहीतला एक कागद मागून घेतला आणि लिहिले. तो कागद येथे आहे, तो वाचतो आणि थांबतो.

“गुरुजींस सादर नमस्कार. १९६३ साली शिवपुरी येथे मी चित्ता पाहिला नाही, बिबट्याही पाहिला नाही. परवा साबी नदीकाठी पाहिला नाही. आज सकाळी आठच्या सुमारास पाहिला तो असा : फांदीखाली लोंबणारी शेपटी, टोक वर वळलेले, टोकाखालचा भाग पांढरा. शेपटी दोनदा हलली. नंतर एक मागचा पाय, पोटाचा थोडा भाग, त्यावर चार-पाच कडी, मध्ये पिवळे. तो खोडावरून उतरून गवतात गेला तेव्हा मी त्याच्याकडे सरळ पाहिले, म्हणून ते मला दिसले नाही. डोके आणि डोळे पाहिले नाहीत. मुलगी व नात यांनी पाहिले. डोळ्याखाली काळी रेघ नव्हती असे त्या सांगतात. कळावे.”