लेकरांच्या विज्ञान स्पर्धेत आईचं काम



जूनमध्ये शाळा उघडली की लेकरं घरी येऊन वह्या-पुस्तकांचं सांगतात, गणवेशाचं सांगतात. पण शाळेत आणखी एक गोष्ट सुरू होते, जिची खबर आपल्या घरापर्यंत फारशी येत नाही. ती म्हणजे ‘इन्स्पायर अवॉर्ड मानक’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा. हवामान बदलावर आपल्या लेकरांना, खास करून आपल्या मुलींना या स्पर्धेत कसं उतरता येईल, आणि त्यात बचत गटातल्या आईनं काय करायचं, एवढंच आज बोलणार आहे.

आधी स्पर्धा समजून घेऊ. ही केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची योजना आहे. सहावीपासूनच्या मुलामुलींना त्यात भाग घेता येतो. रोजच्या जगण्यातली एखादी अडचण सोडवणारी स्वतःची कल्पना मुलानं लिहून द्यायची. शाळेत आलेल्या कल्पनांपैकी चांगल्या निवडून मुख्याध्यापक त्या ऑनलाइन भरतात. कल्पना निवडली गेली की तिचं मॉडेल बनवायला 10,000 रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येतात. मग जिल्ह्याचं प्रदर्शन, तिथून राज्याचं आणि पुढे देशाचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतली मुलंही यात असतात. इंग्रजी शाळा लागत नाही, क्लास लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हवामान बदल हा मोठ्या लोकांचा विषय, त्यात आपलं काय? बायांनो, तो सोसतं कोण? 2012 च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळल्या, तेव्हा टँकरपुढे हंडे घेऊन कोण उभं होतं? 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीनं हातातला गहू, हरभरा झोपवला, तेव्हा घरातलं कणगीचं गणित कुणी जुळवलं? पावसाचा खंड लांबतो, मग एका रात्रीत वावर वाहून जातं. त्यातली प्रत्येक अडचण आधी आपल्या चुलीपाशी येते. म्हणून त्यावरची कल्पनाही आपल्याच घरातून निघू शकते.

तामिळनाडूत तिरुवण्णामलै या गावच्या विनिशा उमाशंकर या मुलीची ही शाळेत असतानाची गोष्ट. गल्लीतला इस्त्रीवाला कोळसा जाळून इस्त्री करतो आणि विझलेला कोळसा टाकून देतो, हे तिनं बघितलं. असे इस्त्रीवाले देशात किती, त्यांना कोळसा किती लागत असेल, असा विचार तिनं केला, आणि उन्हाच्या विजेवर चालणारी इस्त्रीची गाडी सुचवली. 2021 मध्ये ग्लासगोच्या जागतिक हवामान परिषदेत ती बोलली. तिनं सुरुवात कुठून केली बघा. रस्त्यावर रोज दिसणाऱ्या एका माणसाच्या कामापासून.

म्हणून आईचं पहिलं काम आहे अडचण सांगणं. लेकरू विचारतं, ‘माय, कशावर करू?’ आपण म्हणतो, ‘मला काय कळतंय, गुरुजींना विचार.’ तसं म्हणू नका. तिला सांगा, पऱ्हाटी जाळताना धूर किती होतो. सांगा, पत्र्याच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारी बाळाला झोपवता येत नाही. सांगा, पाऊस लांबला की शेळीला चारा कुठून आणता. हे गुरुजींना माहीत असेलच असं नाही. तुम्हाला मात्र पक्कं माहीत आहे.

दुसरं काम, मोजायला लावणं. ‘पाणी लई लागतं’ असं लिहून भागत नाही, आकडा पाहिजे. एक सोपा हिशोब सांगते, कागद घ्या. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. वीस फूट बाय पंधरा फूट पत्र्याचं छप्पर म्हणजे साधारण अठ्ठावीस चौरस मीटर. त्यावर दहा मिलिमीटर पाऊस झाला तर दोनशे ऐंशी लिटर पाणी. सांडलवंड सोडा, सव्वादोनशे लिटर धरा. पंधरा लिटरचा हंडा असेल तर ते झाले पंधरा हंडे. पंधरा खेपा! पाऊस मोजायला सरळ उभ्या कडेचा डबा उघड्यावर ठेवा आणि शाळेची पट्टी त्यात धरा. रोज सकाळी आठला मुलीनं मोजायचं, वहीत तारखेसह लिहायचं. चार महिन्यांची ती वही म्हणजे तिचा पुरावा.

पण एक लक्षात ठेवा. छपराचं पाणी टाकीत सोडायचं मॉडेल प्रत्येक प्रदर्शनात असतं. तेच पुन्हा केलं तर बाजूला पडतं. नवं कुठे आहे? पहिल्या पावसाचं पाणी घाण असतं, पत्र्यावर पाखरांची विष्ठा, धूळ. ते आधी बाहेर सोडायला पाहिजे. पण पाऊस आला तेव्हा आई वावरात, घरात म्हातारी सासू. पाइप फिरवणार कोण? घाण पाणी आपोआप बाजूला जाऊन चांगलं पाणी टाकीत जावं, तेही आपल्याला परवडेल अशा सामानातून, याचा विचार तुमच्या मुलीनं केला, तर ती तिची स्वतःची कल्पना.

तिसरं काम सगळ्यात अवघड आहे. स्वतः करू नका. बाजारातून थर्माकोलचं तयार मॉडेल आणू नका. मामाला बनवायला लावू नका. परीक्षक मुलीला विचारतात, ‘हे तुला कसं सुचलं?’ जिनं रोज डबा मोजला ती न अडखळता सांगते.

माहिती कुठून मिळेल? आपल्या जालना तालुक्यातलं कडवंची गाव बघा. 1996 पासून तिथल्या लोकांनी खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साथीनं बांधबंदिस्ती केली, चर खोदले, पुढे शेततळी केली. पाऊस आपल्याइतकाच, पण दुष्काळातही तिथल्या द्राक्षबागा तगल्या. मुलांना घेऊन जा, तिथल्या शेतकऱ्यांना प्रश्न विचारू द्या. खरपुडीच्या केंद्रातही विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

आता मनातलं बोलते. दसरा-दिवाळी झाली की आपल्याकडच्या कितीतरी जोड्या कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर, सगळीकडून. उचल घेतलेली असते, जावंच लागतं. मागे धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगीही जाते. कल्पना निवडल्याची बातमी शाळेत येते, आणि मुलगी असते फडात. मग तिचं नाव कागदावरच राहतं. अशी एक वर्ष शाळा सुटली की पुढच्या वर्षी घरात लग्नाचा विषय निघतो, हे तुम्हा-आम्हाला नवीन नाही.

यावर गटानं काय करायचं? शाळेत हंगामी वसतिगृहाची मागणी दिवाळीच्या आधी लावून धरायची. आई-बाप तोडीला गेले तरी मुलगी आजीपाशी राहील, तिच्या जेवणाची सोय होईल. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या असतात. तिथे सही करून घरी येऊ नका, हा विषय मांडा. आणि जिल्ह्याच्या प्रदर्शनाला आई नसेल तर गटातली एक मावशी मुलीसोबत जाईल, हे आत्ताच ठरवा. ‘पोरीला एकटं कसं धाडू?’ या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडेच आहे.

बँकेचं तर आपण करूच शकतो. मुलीचं खातं, त्याला आधार जोडलेलं, नावातली अक्षरं शाळेच्या दाखल्याप्रमाणे. गटाची खाती उघडताना हे सगळं आपण शिकलो आहोत. आलेले पैसे मात्र मॉडेलचेच. त्यातून खताची उधारी भागवायची नाही.

बक्षीस सगळ्यांना मिळत नाही. पण जिनं चार महिने पाऊस मोजला, परक्या माणसापुढे उभं राहून आपलं म्हणणं सांगितलं, तिला ‘आता शाळा बास’ म्हणायला घरातल्यांची जीभ सहज रेटत नाही. माझ्यासाठी खरं बक्षीस ते आहे.

तेव्हा येत्या बैठकीत बचत, कर्ज, परतफेड झाली की हा एक विषय घ्या. गटातल्या कुणाकुणाची मुलगी सहावीच्या पुढे आहे, नावं लिहा. दोन जणींनी मुख्याध्यापकांना भेटून विचारायचं, या वर्षीची शेवटची तारीख कोणती, आपल्या शाळेतून किती नावं गेली, त्यात मुली किती. ठराव इतिवृत्तात लिहा, खाली सह्या करा. आणि पावसाचा डबा उद्याच अंगणात ठेवा.