मोजणारे कोण, मोजले जाणारे कोण?

(कल्याण येथे दिलेल्या एका व्याख्यानाचा संपादित भाग)



विद्यापीठातील एखाद्या संस्थेचा आराखडा हा काही जाहीर व्याख्यानाचा विषय नव्हे, तो तज्ज्ञांच्या समितीवर सोपवावा, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. परंतु ज्या संस्थेत लाखो माणसांच्या आयुष्याची माहिती गोळा होणार आणि त्या माहितीवरून यंत्रे निर्णय सुचवू लागणार, तिचा आराखडा डोळे मिटून तज्ज्ञांच्या हाती देणे म्हणजे सातबारा कधीही न पाहता तलाठ्याच्या भरवशावर शेती करण्यासारखे आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली धावली आणि दुसऱ्याच वर्षी ती कल्याणला पोचली. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचे. त्याला कल्याणपर्यंत यायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. आज येथे विद्यापीठाचे उपकेंद्र आहे आणि त्यात अभियांत्रिकी व उपयोजित विज्ञानांची प्रशाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या शिक्षणासाठी स्वतंत्र विद्यापीठ काढण्याच्या दृष्टीने राज्य शासनाने २०२५ साली कृतिदलही नेमले. अशा वेळी विदाविज्ञान (विदा म्हणजे ज्याला आपण सर्रास डेटा म्हणतो ती) आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची एक संस्था कल्याणच्या उपकेंद्रात उभी राहावी, ही मागणी मला रास्त वाटते. मुरबाड, शहापूर, कर्जत येथील मुलामुलींचा अर्धा दिवस कलिन्याच्या प्रवासात जाऊ नये, एवढे एक कारणही तिला पुरेसे आहे. प्रश्न आहे तो ही संस्था कोणत्या हेतूने आणि कोणत्या क्रमाने उभारायची, हा.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम, २०१६ याच्या कलम १०७ अन्वये प्रत्येक विद्यापीठाला पाच वर्षांचा बृहत् आराखडा करावा लागतो. मुंबई विद्यापीठाचा आराखडा २०२४ ते २०२९ या काळाचा आहे. मागास आणि वंचित भागांपर्यंत उच्च शिक्षण न्याय्य रीतीने पोचावे, हा कायद्याचा हेतू. व्यवहारात मात्र ही चर्चा बहुधा कोठे किती नवी महाविद्यालये मंजूर करायची, यापाशी येऊन थांबते. म्हणून पुढील आराखडा छापून येण्यापूर्वीच आपण बोलले पाहिजे.

अशा संस्थेचा विचार नेहमी इमारतीपासून सुरू होतो, मग यंत्रसामग्रीवर येतो, मग कंपन्यांशी करावयाच्या करारांवर. आणि शिक्षक सर्वांत शेवटी आठवतात. हा क्रम उलटा केला पाहिजे. संगणकयंत्रे पाचएक वर्षांत जुनी होतात. शिवाय मार्च २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ज्या कृत्रिम बुद्धिमत्ता अभियानाला मंजुरी दिली, त्याची तरतूद १०,३०० कोटी रुपयांहून अधिक आहे, आणि संशोधकांना व विद्यार्थ्यांना सामाईक संगणनशक्ती सवलतीच्या दरात मिळावी, हा त्याचा एक प्रमुख भाग आहे. जे सार्वजनिक खजिन्यातून सामाईक मिळते ते प्रत्येक उपकेंद्राने वेगळे विकत घेण्यात शहाणपण नाही. तो पैसा माणसांवर खर्च व्हावा. तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक, ज्याला पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही हे ठाऊक नसते, तो पाच वर्षे चालणारे संशोधन कशाच्या बळावर हाती घेणार?

फीचा प्रश्न याच्याशी जोडलेला आहे. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांचे दार उघडले गेले. जागा वाढल्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्या जागांपर्यंत पोचण्याची शिडी पैशाची झाली. आता ‘स्वयंअर्थसहाय्यित’ या भारदस्त शब्दाखाली तोच व्यवहार सार्वजनिक विद्यापीठांच्या आवारात चालतो. नवी संस्था त्याच मार्गाने उभी राहिली, तर शहापूरच्या ठाकर-कातकरी वाडीतील मुलगी या विद्येची विद्यार्थिनी होणार नाही. ती फक्त तिच्या तक्त्यातील एक नोंद होईल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या विद्येचा पाया मोजणीत आहे, आणि मोजणीचा पाया प्रामाणिकपणात. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. शेतातील एक तुकडा कापून, त्याचे धान्य तोलून, सबंध प्रदेशाच्या पिकाचा अंदाज कसा बांधावा, यावर १९४० च्या दशकात मोठा वाद झाला. प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकड्यांच्या बाजूचे होते. सुखात्मे यांनी दाखवून दिले की, तुकडा फार लहान घेतला तर उत्पादनाचा अंदाज फुगतो. कारण सीमेवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो, आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. बांधावर झालेली ही चूक कचेरीतल्या गणिताने दुरुस्त होत नाही. आजचे बुद्धिमान म्हणवणारे यंत्रही ती दुरुस्त करीत नाही. फक्त अधिक वेगाने आणि अधिक आत्मविश्वासाने पुढे पाठवते.

आपल्याच शहराचे पाहा. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख होती. २०१५ साली सत्तावीस गावे महापालिकेत आली. त्यानंतरची जनगणना २०२१ साली व्हायची होती, ती झाली नाही. जून २०२५ मधील अधिसूचनेने तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ ठरवला. म्हणजे पाणी किती, शाळा किती, शिधापत्रिका किती, याचे हिशेब दीर्घकाळ जुन्याच आकड्यांवर रेटले गेले. ज्या देशात माणसांची शिरगणती सहा वर्षे लांबते, तेथे यंत्रांच्या बुद्धिमत्तेची घाई कोणाला आहे, हा प्रश्न विचारायला हवा.

संस्थेने हाती घ्यायचे विषय आपल्या दाराशी उभे आहेत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२४ या एका वर्षात दोन हजारांहून अधिक माणसे दगावली. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ चालत्या गाड्यांतून प्रवासी खाली पडले. कोणत्या वेळी, कोणत्या वळणावर, कोणत्या गाडीत गर्दी जीवघेणी होते, हे या संस्थेने मांडावे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी भीषण स्फोट झाले. कोणत्या कारखान्यात कोणता पदार्थ किती साठवला आहे आणि सर्वांत जवळची वस्ती किती अंतरावर आहे, याचा नकाशा नागरिकाला खुला असावा. भातसा, तानसा आणि वैतरणेचे पाणी मुंबईला पाजणाऱ्या शहापूर तालुक्यातील पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. त्या हिशेबाला कृत्रिम बुद्धिमत्ता फारशी लागत नाही. नैसर्गिक धैर्य लागते, आणि ते कायम नोकरी असलेल्या, निर्भय अध्यापकातच टिकते.

यावर कोणी म्हणेल, अशाने विद्यार्थ्यांना नोकऱ्या कशा मिळणार? हा आक्षेप खरा आहे. नोकरी हा चेष्टेचा विषय नव्हे. परंतु खऱ्या, अस्ताव्यस्त, अपुऱ्या माहितीशी झगडून शिकलेला पदवीधर कोणत्याही बाजारात उणा पडत नाही. उणा पडतो तो परक्या कंपनीच्या यंत्रासाठी दिवसभर चित्रांवर आणि वाक्यांवर खुणा करून देण्यापुरताच शिकवलेला.

शेवटची गोष्ट विश्वस्तपणाची. २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. तो असला तरी, ज्यांची माहिती घ्यायची त्यांना संस्थेच्या कारभारात जागा हवी. शिधावाटप दुकानात ज्या मजुराच्या झिजलेल्या बोटाचा ठसा यंत्राला जुळत नाही, त्याला यंत्राची चूक आपल्या सर्वांआधी कळते. संस्थेच्या सल्लागार मंडळावर उद्योगपतीला खुर्ची असेल, तर प्रवासी संघटनेला, कामगार संघटनेला आणि ग्रामसभेलाही ती असली पाहिजे.

मित्रहो, विद्यापीठाच्या अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. आपल्यातील पदवीधरांनी त्यांना गाठावे आणि तीन गोष्टी मागाव्यात: कायम शिक्षक, परवडणारी फी, आणि जिल्ह्याच्या प्रश्नांपासून सुरू होणारे संशोधन. इमारतीची कोनशिला कोण बसवणार, याची काळजी आपण करू नये. तिच्यासाठी हात पुष्कळ मिळतील.